जॅकखालचा दगड

गाडी चालवणाऱ्याला पंक्चर झालेलं चाक स्वतः बदलता आलं पाहिजे की नाही, या एका गोष्टीवरून माझं आणि माझ्या वडिलांचं जेवढं वाजलं तेवढं दुसऱ्या कशावरूनही वाजलं नसेल. आप्पांचं म्हणणं सरळ होतं. ज्याला चाक बदलता येत नाही त्यानं गाडीच्या किल्लीला हात लावू नये. ते फुलांची आणि पालेभाजीची शेती करायचे आणि झेंडू, शेवंती, मेथी स्वतःच्या पिकअपमध्ये भरून पुण्याच्या मार्केटला न्यायचे. वाटेत कुठंही टायर बसला तरी माल वेळेवर पोचायलाच हवा. "फुलं काय मेकॅनिकची वाट बघत बसत्यात व्हय?" असं ते विचारायचे. माझं म्हणणं असं, की तो काळ गेला. आता पावलापावलावर पंक्चरवाले आहेत, हातात फोन आहे, आणि या सगळ्यांच्या वर बाप्पा आहे, तो कुणाला ना कुणाला पाठवतोच. हे शेवटचं ऐकलं की आप्पा गालात हसायचे आणि म्हणायचे, "मग तुज्या बाप्पाला म्हनावं, येताना पाना घिऊन ये."

मला ते लागायचं. लग्न होऊन मी दौंडला आले. नवऱ्याची रेल्वेतली नोकरी, गाडीबरोबर आज इथं तर उद्या तिथं, त्यामुळं घरात मी बहुतेक एकटीच. त्या एकटेपणात मला रांजणगावच्या गणपतीची ओढ लागली. माहेर न्हावऱ्याच्या पुढं, त्यामुळं तिकडं गेले की वाट वाकडी करून दर्शन घ्यायचंच. संकष्टी मी कधी मोडली नाही. मनातलं जे नवऱ्याला सांगता येत नाही ते तिथल्या गाभाऱ्यासमोर उभं राहून सांगितलं की हलकं वाटायचं. आप्पा नास्तिक होते असं नाही. गावच्या जत्रेत नैवेद्य करायचे, दसऱ्याला पिकअपला हार घालायचे. पण देवाचं नाव त्यांच्या तोंडी सहसा यायचं नाही. "सारख्या हाका मारून त्याला कशाला तरास द्यायचा? त्याला काय दुसरी कामं न्हाईत?" असं त्यांचं तत्त्वज्ञान.

चाकाच्या बाबतीत मात्र शेवटी त्यांचंच खरं झालं. आम्ही गाडी घेतली आणि मी ती हौसेनं माहेरी दाखवायला नेली, तर आप्पांनी अंगणातच मला तिचं चाक काढायला आणि परत बसवायला लावलं. तेही भाऊबीजेच्या दिवशी, अंगावर नवी साडी असताना. शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि मी रडकुंडीला आले होते. पुढं कधी वेळ आली नाही. जे शिकले ते नव्या साडीच्या डागांसारखं हळूहळू फिकं होत गेलं.

गेल्या वर्षी आप्पांच्या हृदयानं दगा दिला. फुप्फुसात पाणी साठायचं, ते काढायचं, पुन्हा साठायचं. आई आधीच गेलेली, भाऊ शिक्रापूरला कंपनीत शिफ्टला, वहिनी लहान मुलांत अडकलेली. म्हणून मी त्यांना दौंडला आणलं आणि दवाखाना केला. उंचापुरा, पोतं पाठीवर टाकून चालणारा माणूस माझ्या डोळ्यांदेखत आक्रसत गेला. एक दिवस डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, "आता त्यांना जिथं बरं वाटेल तिथं ठेवा." याचा अर्थ सांगावा लागत नाही. मी जिन्यातच बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले. मग डोळे पुसून आत गेले, तर आप्पा म्हणाले, "काय म्हनाला डॉक्टर? घरी जा म्हनाला ना? मग मला माज्या वसरीत ने."

त्यांच्या त्या ओसरीवरून समोर फुलांचं रान दिसतं. आयुष्यभर ते तिथंच बसून चहा प्यायचे. भावाला सुट्टी मिळाली की तो गाडी घेऊन येणार होता, पण आप्पांचं अन्न तुटलं आणि त्या दिवशी सकाळी त्यांनी मला विचारलं, "आज न्हेतीस का न्हाई?" नवरा ड्यूटीवर लांब गेलेला. ॲम्ब्युलन्स बोलावते म्हटलं तर एवढ्या आजारपणातही चिडले. "त्यात मेल्यावर घाल." शेवटी शेजाऱ्यांनी उचलून त्यांना माझ्या गाडीत मागच्या सीटवर उशा लावून झोपवलं. मागं डिकीत त्यांची गादी, घोंगडी आणि कपडे भरले. शेजारीण सोबत यायला तयार होती, पण तिचं तान्हं मूल बघून मीच नको म्हटलं.

गाडी सुरू करायच्या आधी मी डोळे मिटले. आजवर मी बाप्पाकडं पुष्कळ मागितलं आहे. काही मिळालं, काही नाही, पण भांडले कधी नाही. त्या दिवशी मात्र मी अट घातल्यासारखी बोलले. म्हटलं, त्यांना बरं कर असं मी मागत नाही, ते आता होणार नाही हे मला कळतं. एवढंच कर, त्यांना त्यांच्या ओसरीत जिवंत पोचव. तिथं मला त्यांच्या तोंडात पाणी घालू दे, आणि शेवटी त्यांच्या मुखात तुझं नाव येऊ दे. आमच्याकडं माणूस जायला लागला की त्याला खाटेवरून खाली भुईवर घेतात. जमिनीला पाठ लागावी, लेकरांच्या हातचं पाणी घशाखाली उतरावं आणि नाव घेत जावं. आई तशीच गेली होती. आप्पांना गाडीच्या सीटवर, अधांतरी मरण येऊ नये, एवढं एकच मनात धरून मी किल्ली फिरवली.

चौफुल्याला वळलो, केडगाव मागं पडलं. मी आरशातून सारखी मागं बघत होते, आणि बघितलं की गाडी डगमगायची म्हणून पुन्हा पुढं बघत होते. पारगावच्या पुलावर आल्यावर मी मोठ्यानं म्हटलं, "आप्पा, भीमा आली." त्यांनी डोळे उघडले, काचेतून पाण्याकडं पाहिलं आणि मान हलवली. पूल ओलांडला की शिरूर तालुका, म्हणजे आपली हद्द. मला वाटलं, आता काही अडत नाही. ऊसतोडणीचे दिवस होते. उसानं लादलेले ट्रॅक्टर गाणी लावून रस्ता अडवून चालले होते. एकाला ओलांडायला मी गाडी साईडपट्टीवर घेतली, खाली काहीतरी टोचल्यासारखं झालं, आणि थोडं पुढं गेल्यावर स्टेअरिंग डावीकडं ओढू लागलं. उतरून पाहिलं तर पुढचं डावं चाक पार बसलेलं.

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहायला संकोच वाटतो, पण लिहिते. मला बाप्पाचा राग आला. एवढ्या संकष्ट्या, एवढ्या दुर्वा, आणि मागितलं किती, तर फक्त घरापर्यंतची वाट. तेवढीही तुला देता आली नाही? मी भर रस्त्यात उभी राहून आभाळाकडं बघून असं काहीबाही बोलले. आत आप्पांचा श्वास घरघर वाजत होता. भावाला फोन केला. तो शिक्रापुरातून निघतो म्हणाला, पण तिथली ट्रकांची गर्दी कुणाला ठाऊक नाही? फोनवर शोधून एका पंक्चरवाल्याला लावला, तर तो म्हणाला, "ताई, दुकानात एकटाच हाय, गाडी हिकडंच घिऊन या." एवढ्या दुःखातही मला हसू फुटलं. रस्त्यानं जाणारी वाहनं हळू व्हायची, बघायची आणि जायची. ज्याला बाप्पा पाठवतो तो कुणीतरी काही येईना.

मग उसाच्या सरीतून एक बाई डोक्यावर वाढ्यांचा भारा घेऊन वर रस्त्यावर आली. तिथलीच कुणीतरी, गुरांना चारा घेऊन घरी चाललेली. वयानं माझ्यापेक्षा बरीच मोठी, कपाळभर कुंकू. तिनं गाडीत डोकावून पाहिलं आणि भारा तिथंच रस्त्याकडेला टाकला.

"कोन हायत तुमचं?"

"वडील."

"चाक बदलता येतं का?"

"येतं. म्हणजे, यायचं."

"मग बदला. मला त्यातलं काय बी कळत न्हाई. मी बाबांपाशी बसती."

आजारी माणूस आत असताना गाडी जॅकवर उचलायची म्हणजे धोकाच. त्यांना बाहेर काढणं भाग होतं. जवळच एक कडुनिंब होता, त्याच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला म्हसोबा. मी डिकीतून गादी काढून सावलीत अंथरली, आणि आम्ही दोघी बायकांनी आप्पांना उचलून तिच्यावर ठेवलं. ज्यांच्या खांद्यावर बसून मी जत्रा पाहिली ते आप्पा एवढे हलके झाले होते, की मला रडूच आवरेना. त्या मावशी मांडी घालून बसल्या, आप्पांचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं आणि पदरानं वारा घालू लागल्या. आमची ओळख ना पाळख. पण त्या अशा बसल्या होत्या, जशी घरातली थोरली बहीण बसावी.

मी डिकीतली स्टेपनी काढली, जॅक लावला आणि फिरवू लागले. गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच खाली मऊ मातीत रुतू लागला. खाली काहीतरी सपाट आणि टणक हवं होतं. आजूबाजूला नुसती काळी माती आणि ढेकळं. सपाट दगड सगळ्या शिवारात एकच दिसत होता, म्हसोबापुढचा, ज्याच्यावर लोक नारळ फोडतात तो. त्याच्यावर करवंट्या पडलेल्या, उदबत्तीची राख, वाळलेल्या पाण्याचे ओघळ. मी त्याच्याकडं बघून तशीच उभी राहिले. आमच्या घरात देवाच्या ताम्हनाला चुकून पाय लागला तर मी दिवसभर हळहळते. मी तो दगड उचलून गाडीच्या जॅकखाली घालू? मावशींनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि त्यांना कळलं.

"घ्या की वो. देवाचा दगड हाय म्हंजी काय नुसतं नारळ फोडायलाच ठिवलाय? आज तुमच्या कामाला यिऊ द्या."

आप्पांचे डोळे मिटलेले होते, पण ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं. ते मी पाहिलं. इतक्या वर्षांच्या भांडणात ते नेमके तसेच हसायचे. मी म्हसोबापुढं वाकले, करवंट्या बाजूला केल्या, दगड दोन्ही हातांनी छातीशी धरून आणला आणि जॅकखाली ठेवला. जॅक फिरवला. गाडी हळूहळू वर आली.

आणि मग माझी चूक माझ्या लक्षात आली. चाक हवेत गेलं होतं, आणि मी पाना लावून नट फिरवायला गेले की नट जागचा न हलता अख्खं चाकच गरगर फिरायचं. काय करावं सुचेना. मी त्या चाकाला मिठी मारून धरायला लागले, साडी ग्रीसनं भरली, हात काळे झाले. तेवढ्यात झाडाखालून आवाज आला. दौंड सोडल्यापासून एक शब्दही न फुटलेला आप्पांचा आवाज.

"खाली घे... आदी गाडी खाली घे. चाक भुईला टेकलं म्हंजी... नट सैल व्हत्यात. मग उचल."

मी जॅक उतरवला. पान्यावर पाय देऊन उभी राहिले आणि सगळं वजन टाकलं. पहिला नट करकरत सैल झाला तेव्हा मी लहान मुलीसारखी ओरडले, "आप्पा, निघाला!" मावशी म्हणाल्या, "बगत्यात हां, बगत्यात." खरोखरच त्यांचे डोळे उघडे होते आणि माझ्या हातांकडं लागलेले होते. मी एकेक नट सैल केला, गाडी पुन्हा वर घेतली, बसलेलं चाक काढलं, स्टेपनी चढवली. आप्पा सगळं बघत होते. मधेच श्वास अडला की मावशी त्यांच्या छातीवरून हात फिरवायच्या, आणि ते पुन्हा बघायला लागायचे. तेवढा वेळ मी देवाचं नाव घेतलं नाही. माझ्या मनात नट आणि आप्पा यांच्याशिवाय दुसरं काही नव्हतं.

गाडी खाली घेऊन शेवटचा नट आवळला आणि मी बाटली घेऊन त्यांच्याकडं धावले. मावशींनी माझ्याकडं पाहिलं तेव्हाच मला समजलं. त्या हळूच म्हणाल्या, "पाजा पानी. आन् बाबा, नाव घ्या द्येवाचं." मी गुडघे टेकून बसले. त्यांची हनुवटी डाव्या हातानं धरली आणि मावशींनी बाटलीतून माझ्या उजव्या तळव्यात पाणी ओतलं. आप्पांनी माझे हात पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी उमटली.

"हात बग किती काळं झाल्यात," ते म्हणाले. "धू आदी."

"धुते आप्पा. आधी पाणी प्या."

ते प्याले. दोन घोट घशाखाली उतरले, तिसरा ओठांतून गळ्यावर ओघळला. डोळे माझ्यावरच होते, आणि कधी ते बघायचे थांबले ते मला कळलं नाही. मावशींनी पापण्या मिटवल्या. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गाणं वाजवत गेला. मी त्यांच्या छातीवर डोकं ठेवून किती वेळ रडले ते माहीत नाही. त्या माझ्या पाठीवर हात ठेवून बसून होत्या. 

नंतर आम्ही दोघींनीच त्यांना परत सीटवर ठेवलं. दगड मी जागेवर नेऊन ठेवला. मावशी न विचारताच गाडीत बसल्या आणि आप्पांचं डोकं पुन्हा मांडीवर घेतलं. वाढ्यांचा भारा तसाच पडलाय म्हटलं, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. नेला कुनी तर कुनाची तरी गुरंच खातील." न्हावऱ्याच्या अलीकडं भाऊ भेटला आणि त्याची मोटारसायकल आमच्यामागं चालत आली. घरी वहिनीनं ओसरी सारवून ठेवली होती, आणि आप्पा प्रवासानं आंबून येतील म्हणून अंगणात अंघोळीचं पाणी तापत ठेवलं होतं. त्याच पाण्यानं त्यांना शेवटची अंघोळ घातली. वहिनी तोंड पुसायला लागली तेव्हा हनुवटीवर माझ्या बोटांचे काळे ठसे होते. ती साबण घ्यायला वळली. मी म्हटलं, "राहू दे. तेवढं पुसू नकोस."

असे अनुभव वाचणाऱ्यांना वाटेल, की ती बाई नंतर कुणाला दिसलीच नसेल. तसं काही नाही. त्या तिथल्याच नदीकाठच्या वस्तीवर राहतात, म्हशी पाळतात. भावानं त्यांना त्या दिवशी घरी सोडलं. तेराव्याला बोलावलं तर आल्या, जेवल्या, आणि धारेची वेळ झाली म्हणून लवकर निघाल्या. त्यांच्यात मला काही अलौकिक दिसलं नाही. एक बाई, जिनं डोक्यावरचा भारा खाली टाकला.

दुखवट्याला येणारे हळहळायचे. घर बघायचं नशिबात नव्हतं, वाटेतच गेले बिचारे. एका नातेवाईक बाईनं विचारलं, शेवटी नाव घेतलं का देवाचं? मी नाही म्हटलं.  कित्येक दिवस मी बाप्पाशी मनातल्या मनातही बोलले नाही. रांजणगावला जायचं धाडस होईना. ज्याच्याशी भांडले त्याच्यासमोर कुठल्या तोंडानं उभी राहू? गाडी चालवायला बसले की मागच्या सीटकडं बघवायचं नाही. आप्पांशिवाय माहेरची ती ओसरी मला अजूनही सहन होत नाही, आणि हे दुःख कमी झालं असं मी सांगणार नाही.

शेवटी एका संकष्टीला गेलेच. रांगेतून पुढं सरकत गाभाऱ्यासमोर आले, आणि पहिल्यांदाच मागायला काही सुचलं नाही. नुसती हात जोडून उभी राहिले. चाक बदलता येत होतं म्हणून शेवटचा तेवढा वेळ मी आप्पांपासून हातभर लांब होते, ही बोच मनात होती. येत नसतं तर त्यांचं डोकं माझ्या मांडीवर असतं. पण मग ते उघडे डोळे आठवले, माझ्या हातांकडं लागलेले. त्यांनी अंगणात शिकवलेलं पोरीला ऐन वेळी जमलं, आणि त्यांनी ते बघितलं. आपण आपला नट आवळायचा. पुढची वाट किती, आणि ती कुठं थांबणार, हे आपल्या हातात कधीच नव्हतं. मी ठरवून दिलेल्या जागी ते गेले नाहीत. त्यांच्या पाठीला भुई लागली, डोक्याखाली कुणाची तरी मांडी होती, आणि माझ्या हातचं पाणी त्यांच्या पोटात गेलं.

रांग मागून ढकलत होती. मी तिथंच डोळे मिटले आणि मला एकच दिसलं. त्या दिवशी चाक धडधाकट असतं, तर आप्पा माझ्या पाठीमागं, एकटेच, सीटवर गेले असते, आणि मी रस्त्याकडं बघत, लवकर पोचव म्हणत, गाडी चालवत राहिले असते.